बॅकटेस्टमधल्या बाजारात तुम्ही नव्हता

एका दिवसाची एकच कॅन्डल, म्हणजे त्या दिवसाचे चार भाव दाखवणारी चार्टवरची एक आकृती, समोर घ्या. बाजार १०० ला उघडला. दिवसभरातला उच्चांक १०३.५०, नीचांक ९७.५०, बंद भाव १०१. सिस्टिमचा, म्हणजे ठरलेल्या नियमांनी सौदे करणाऱ्या पद्धतीचा, नियम साधा आहे: उघडताच खरेदी, १०३ ला नफा घेऊन बाहेर, ९८ ला स्टॉपलॉस, म्हणजे तोटा तिथेच थांबवून बाहेर. तर या दिवशी नफा झाला की तोटा?

त्या कॅन्डलकडे कितीही वेळ बघत बसलात तरी उत्तर मिळणार नाही. भाव आधी १०३ ला गेला असेल तर ३ पॉइंट खिशात. आधी ९८ ला आपटला असेल तर २ पॉइंट गेले, आणि नंतरची तेजी तुम्ही बाहेर उभं राहून बघितलीत. उघडा, उच्च, नीच आणि बंद या चार भावांमध्ये आधी काय झालं नि नंतर काय, हे नोंदलेलंच नसतं. तरीही सॉफ्टवेअर बेधडक उत्तर देतं, कारण त्याने कुठला तरी क्रम गृहीत धरलेला असतो. वर्षात असे ४० दिवस आले तर एका गृहीतकाने १२० पॉइंटचा नफा दिसतो, दुसऱ्याने ८० पॉइंटचा तोटा. सिस्टिम तीच, डेटा तोच, फरक २०० पॉइंटचा. आणि हे गृहीतक बहुतेकदा सेटिंगच्या अशा कोपऱ्यात असतं, जिथे कोणी जाऊन बघत नाही.

सिम्युलेशन म्हणजे खरे पैसे न लावता सिस्टिमला बाजाराच्या नकलेत चालवून बघणं. त्यातला सगळ्यात रुळलेला प्रकार म्हणजे बॅकटेस्ट. जुन्या भावांचं रेकॉर्डिंग पुन्हा लावायचं आणि आपले नियम तेव्हा चालू असते तर काय झालं असतं, याचा हिशोब मांडायचा. मला या लेखात मुख्यतः एकच गोष्ट समजावून सांगायची आहे: ते रेकॉर्डिंग ज्या बाजाराचं आहे, त्या बाजारात तुम्ही नव्हता. आणि ते पुन्हा लावताना पुढे काय झालं हे तुम्हाला ठाऊक असतं. बॅकटेस्ट जिथे जिथे फसवते, तिथे बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक कारण सापडतं.

आधी तिचा उपयोग काय, ते बघू. कारण या मर्यादा कळल्यावर लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि "बॅकटेस्टला काही अर्थ नाही" म्हणून मोकळे होतात. ते मला अजिबात पटत नाही.

पहिला फायदा निकाल येण्याआधीच होतो. "भाव मजबूत दिसला की घ्यायचा" हे तोंडाने सांगता येतं, कोडमध्ये लिहिता येत नाही. मजबूत म्हणजे किती दिवसांच्या सरासरीच्या वर? कधी तपासायचं? पैसे कमी आणि संकेत तीन आले तर कोणता घ्यायचा? नियम कॉम्प्युटरला समजावताना आपल्याच विचारातली भोकं दिसायला लागतात. कित्येक कल्पना इथेच गळून पडतात.

दुसरा फायदा नापास करण्याचा. जी सिस्टिम सगळ्या सोयीच्या गृहीतकांनिशी, खर्च न धरताही जुन्या डेटावर तोट्यात जाते, ती खऱ्या बाजारात तरेल असं मानायला काहीच आधार नाही. एका दुपारच्या कामात हे कळतं आणि पैसे वाचतात. उलट बाजू मात्र लागू होत नाही. बॅकटेस्टमध्ये पास झाली म्हणजे सिस्टिम चांगली, असं म्हणता येत नाही. नापासाचा शेरा बराचसा विश्वासार्ह असतो, पासाचा शेरा फारच कमी.

तिसरा फायदा थोडा वेगळा आहे, आणि माझ्या मते त्याचा वापर फार कमी होतो. १९४६ साली गणितज्ञ स्टानिस्लाव उलाम आजारपणातून उठत असताना एकट्याने खेळायचा पत्त्यांचा डाव मांडत बसत. डाव सुटण्याची शक्यता सूत्राने काढायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ते जमेना. मग सुचलं, की शंभर डाव मांडावेत आणि किती सुटतात ते सरळ मोजावं. जॉन फॉन नॉयमन यांच्याबरोबर त्यांनी ती कल्पना पुढे नेली आणि तिला मोंटे कार्लो हे नाव पडलं. ट्रेडिंगमध्ये ती अशी वापरतात: सिस्टिमचे जुने सौदे घ्यायचे, पत्ते पिसावेत तसे त्यांचा क्रम हजारो वेळा पिसायचा आणि दर वेळी खात्यातली रक्कम कशी हलते ते बघायचं.

यातून काय कळतं? समजा सिस्टिमचे निम्मे सौदे फायद्यात आणि निम्मे तोट्यात जातात, आणि एका सौद्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. २०० सौद्यांत कुठेतरी सलग ७ किंवा जास्त तोटे लागण्याची शक्यता किती? निम्म्याहून किंचित जास्त. म्हणजे सिस्टिम अगदी ठणठणीत असतानाही सात तोटे ओळीने येणं ही रोजचीच गोष्ट. तुमच्या बॅकटेस्टमध्ये योगायोगाने सलग चारच तोटे दिसले असतील, तर पाचव्या तोट्याला तुम्ही घाबरून सिस्टिम बंद कराल किंवा नियम बदलाल. क्रम पिसून बघितलेला माणूस भांडवल किती लावायचं हे आधीच बेताने ठरवतो. इतिहासात जो ड्रॉडाउन, म्हणजे खात्यातल्या रकमेची उच्चांकापासूनची घसरण, दिसला तो अनेक शक्यतांपैकी एक होता, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. अर्थात पत्ते पिसताना एक गोष्ट हरवते. खऱ्या बाजारात वाईट दिवस अनेकदा घोळक्याने येतात, आणि पिसल्यावर तो घोळका मोडतो. म्हणून सुटे सौदे पिसण्याऐवजी आठवड्या-आठवड्याचे गठ्ठे पिसणं बरं.

आता मर्यादांकडे येतो. पहिली, पुढचं ठाऊक असण्याची.

तिचा सगळ्यात उघडा प्रकार म्हणजे कोडमधली चूक. माझ्या एका सिस्टिमचा आलेख इतका सरळ वर चढत होता की दोन दिवस मला झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी एकेक सौदा हाताने तपासायला घेतला. संकेत दिवसाच्या बंद भावावरून निघत होता आणि खरेदी त्याच दिवशीच्या उघड्या भावाला दाखवली जात होती. म्हणजे संध्याकाळचं वाचून सकाळी खरेदी. संकेताचा रकाना एक ओळ खाली सरकवला आणि सगळा नफा नाहीसा झाला. तेव्हापासून आलेख जितका देखणा, तितकं मी कोड जास्त बारकाईने वाचतो.

याच चुकीची लपलेली रूपं पकडायला कठीण असतात. कंपनीचे तिमाहीचे आकडे तिमाही संपल्यावर काही आठवड्यांनी जाहीर होतात, पण डेटाबेसमध्ये ते तिमाहीच्या शेवटच्या तारखेला चिकटवलेले असतात. सरकारी आर्थिक आकडे नंतर सुधारले जातात आणि आपल्या हातात सुधारलेले येतात; त्या दिवशी बाजाराने पाहिलेला आकडा वेगळाच होता. आणि आज निर्देशांकात असलेल्या कंपन्यांची यादी घेऊन वीस वर्षं मागे गेलात, तर बुडालेल्या, विकल्या गेलेल्या, यादीतून काढलेल्या कंपन्या परीक्षेला बसतच नाहीत. उरलेल्यांमधून निवड करणारी कुठलीही सिस्टिम हुशार दिसते.

कोड निर्दोष असलं तरी पुढचं ठाऊक असणं दुसऱ्या वाटेने आत शिरतं, आणि मला वाटतं इथे सगळ्यात जास्त माणसं फसतात. १,०२४ जणांना प्रत्येकी दहा वेळा नाणं उडवायला सांगा. त्यांच्यातल्या साधारण एकाला दहाही वेळा छापा पडेल. त्याच्यात काही कौशल्य नाही हे आपल्याला समजतं, कारण बाकीचे १,०२३ जण समोर उभे आहेत. बॅकटेस्टमध्ये मात्र ते दिसत नाहीत. तुम्ही २० दिवसांची सरासरी तपासली, मग २१, मग २५. स्टॉपलॉस दोन टक्के, मग अडीच. मग शुक्रवारचे सौदे वगळले. जे फसलं ते पुसलं, जे जमलं ते ठेवलं. उरलेल्या एका आलेखाकडे बघताना पुसलेले शेकडो आठवत नाहीत.

याला नेमका आकडा देता येतो. शार्प रेशो म्हणजे जोखमीविना मिळणाऱ्या परताव्यापेक्षा जास्त मिळालेला सरासरी परतावा भागिले त्यातला चढउतार. वर्षाला १ आला तर बरेच लोक सिस्टिम चांगली मानतात. डेव्हिड बेली, मार्कोस लोपेझ डे प्राडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली हिशोब मांडून दाखवला, की पाच वर्षांचा डेटा असेल तर ज्यांत काहीच दम नाही अशा साधारण ४५ स्वतंत्र सिस्टिम तपासल्या, की त्यांतल्या सर्वोत्तम सिस्टिमचा शार्प रेशो निव्वळ योगायोगाने १ च्या आसपास येणं अपेक्षित आहे. ४५ म्हणजे एका संध्याकाळचं काम. आजचं सॉफ्टवेअर एका बटणावर हजारो जोड्या तपासून देतं. म्हणून कोणी बॅकटेस्टचा निकाल दाखवला की माझा पहिला प्रश्न असतो: याआधी किती करून बघितल्या? ती संख्या सांगता येत नसेल, तर त्या आलेखाचा अर्थ लावता येत नाही.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे डेटाचा एक भाग कुलूपबंद ठेवायचा आणि सगळं ठरल्यावर शेवटी एकदाच त्यावर सिस्टिम चालवायची. उपाय चांगला आहे, पण "एकदाच" हा शब्द कोणी पाळत नाही. तिथे नापास झाली की माणूस परत जाऊन थोडं बदलतो आणि पुन्हा कुलूप उघडतो. चौथ्या वेळेला तो डेटा कुलूपबंद राहिलेला नसतो.

आता दुसरी बाजू: तुम्ही तिथे नव्हता.

बॅकटेस्ट म्हणते, १०० ला २,००० शेअर घेतले. विकणाऱ्यांची रांग त्या क्षणी अशी समजा: १०० ला ५०० शेअर, १००.०५ ला ८००, १००.१० ला १,२००. तुमची ऑर्डर पहिले दोन थर पूर्ण खाते आणि तिसऱ्यातले ७०० उचलते. सरासरी भाव पडला १००.०५५. बाहेर पडतानाही असंच झालं तर येण्याजाण्यात प्रत्येक शेअरमागे ०.११ गेले. सिस्टिमचा बॅकटेस्टमधला सरासरी नफा शेअरमागे ०.०८ असेल, तर ब्रोकरेज धरायच्या आधीच ती तोट्यात आहे. रेकॉर्डिंगमधल्या भावांना तुमच्या ऑर्डरचा धक्का कधी लागलेलाच नव्हता. मोठ्या ऑर्डरींच्या अभ्यासात वारंवार आढळलेला ठोकताळा असा, की भाव साधारणपणे ऑर्डरच्या आकाराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात सरकतो: चौपट घेतलंत तर धक्का दुप्पट. एका छोट्या खात्यावर छान चालणारी सिस्टिम मोठ्या रकमेवर का कोलमडते, त्याचं एक कारण हे.

मग कोणी म्हणेल, बाजारभावाने घेऊच नये, आपला भाव लावून थांबावं. लिमिट ऑर्डर. इथे तर बॅकटेस्ट आणखी दिशाभूल करते. तुम्ही ९९.९५ ला खरेदी लावली. त्या भावाला तुमच्या पुढे ३,००० शेअरची रांग आहे. भाव ९९.९५ ला शिवला, १,००० शेअरचे सौदे झाले आणि तो उसळून १०१ ला गेला. बॅकटेस्टने तुम्हाला ९९.९५ ला घेऊन झकास नफा दाखवला. प्रत्यक्षात तुमचा नंबरच आला नाही. नंबर नक्की कधी येतो? भाव ९९.९५ फोडून धाडकन खाली जातो तेव्हा. म्हणजे चांगले सौदे रांगेत अडकतात आणि वाईट सौदे एकूणएक पदरात पडतात. जी सिस्टिम छोट्या-छोट्या नफ्यांवर जगते, तिला हा फरक पुरता संपवतो. पेपर ट्रेडिंगनेही, म्हणजे चालू बाजारभावांवर खरे पैसे न लावता केलेल्या लुटुपुटूच्या सौद्यांनीही, तो नीट कळत नाही, कारण तिथेही तुमची ऑर्डर खऱ्या रांगेत उभी नसते.

शिवाय रेकॉर्डिंगमध्ये फक्त तुम्हीच नव्हता असं नाही. तुमच्यासारखाच विचार आज करणारे इतरही तेव्हा नव्हते. डेव्हिड मॅकलीन आणि जेफ्री पाँटिफ यांनी २०१६ च्या त्यांच्या अभ्यासात, शेअरच्या परताव्याचा अंदाज देतात असं संशोधन-लेखांत दाखवलेले ९७ घटक तपासले. मूळ अभ्यासाच्या कालखंडाबाहेर गेल्यावर परतावा २६ टक्क्यांनी घटला होता, आणि लेख प्रसिद्ध झाल्यानंतरच्या काळात ५८ टक्क्यांनी. पहिल्या आकड्यात योगायोगाचा वाटा असू शकतो. दोहोंमधली दरी मात्र सांगते की गोष्ट माहीत झाली आणि लोक त्यावर सौदे करू लागले.

अशी गर्दी झाल्यावर काय होतं ते ऑगस्ट २००७ च्या दुसऱ्या आठवड्यात दिसलं. वरवर बाजार फारसा हलला नव्हता, पण गणिती पद्धतीने शेअर निवडणाऱ्या अनेक फंडांना तीन दिवस जबर तोटा झाला आणि १० ऑगस्टला बराचसा भरूनही आला. त्याचा उलगडा करताना अमीर खांदानी आणि अँड्र्यू लो यांनी सिम्युलेशनच वापरलं. एक साधी, सगळ्यांना ठाऊक असलेली पद्धत त्या दिवसांच्या डेटावर चालवून त्यांनी दाखवलं, की त्या पद्धतीचाही तसाच बोजवारा उडाला होता. त्यावरून त्यांनी मांडलेला तर्क असा, की कोणीतरी मोठी पोझिशन, म्हणजे धरून ठेवलेले सौदे, घाईने मोडली आणि तशाच पोझिशन धरून असलेले बाकीचे भरडले गेले. सिम्युलेशनचा हा वापर मला फार मोलाचा वाटतो. तिथे नफ्याचं भाकीत नाही, घडलेल्या गोष्टीचं कारण शोधणं आहे.

आणखी एक मर्यादा या दोन्हींत नीट बसत नाही. जे एकदाही घडलेलं नाही ते रेकॉर्डिंगमध्ये नसतं. स्विस मध्यवर्ती बँकेने ६ सप्टेंबर २०११ रोजी जाहीर केलं, की एका युरोचा भाव १.२० फ्रँकखाली जाऊ देणार नाही. पुढची तीन वर्षं चार महिने ती भिंत टिकली. या काळावर बॅकटेस्ट केली तर १.२० च्या जवळ युरो घ्यायचा आणि थोडा वर गेला की विकायचा, ही सिस्टिम जवळपास बिनजोखमीची दिसते. स्टॉपलॉस १.१९ ला लावला की तोट्याची मर्यादाही ठरलेली. १५ जानेवारी २०१५ ला बँकेने भिंत काढून घेतली. काही मिनिटांत भाव १ च्याही खाली होता. १.१९ ला स्टॉप लागला खरा, पण त्या भावाला समोर घेणारा कोणीच नव्हता. सौदे कितीतरी खाली झाले. त्या डेटात चूक नव्हती, कोडमध्ये चूक नव्हती. भाव इतका शांत कशामुळे आहे, हा प्रश्न डेटाला विचारता येत नाही, तो माणसालाच स्वतःला विचारावा लागतो.

२० एप्रिल २०२० ला तर गृहीतकाचा पायाच निघाला. अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. भाव कायम शून्याच्या वरच राहणार, हे अनेक मॉडेलांच्या सूत्रातच होतं. त्याच आठवड्यात शिकागोच्या सीएमई एक्सचेंजने तेलाच्या काही ऑप्शनचं (ठरलेल्या भावाला घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क देणाऱ्या करारांचं) मूल्य काढण्यासाठी लुई बाशेलिए यांच्या १९०० सालच्या प्रबंधातून आलेलं मॉडेल वापरायला घेतलं, कारण त्यात भाव ऋण होऊ शकतो.

सिस्टिमला प्रतिसाद देणारा बाजारच कृत्रिमरीत्या उभा करायचा, असाही एक मार्ग आहे. कॉम्प्युटरमध्ये शेकडो नकली व्यापारी सोडायचे, त्यांना आपापले नियम द्यायचे आणि त्यांच्यात आपली सिस्टिम उतरवायची. अमेरिकेतल्या सांता फे इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेत १९९० च्या दशकात असा नकली शेअर बाजार चालवला गेला. तिथे तुमच्या ऑर्डरने भाव खरोखर हलतो, ही मोठी सोय. पण त्या व्यापाऱ्यांची वागणूक आपणच लिहिलेली असते. त्यामुळे अशा बाजारातून नफ्याचा आकडा काढू नये. घबराट पसरली तर माझी सिस्टिम ती वाढवते की थांबते, यासारखे प्रश्न तिथे विचारावेत.

सॉफ्टवेअर म्हणून सिस्टिम तपासणं हे आणखी वेगळं काम, आणि ते बॅकटेस्टमध्ये होतच नाही. १ ऑगस्ट २०१२ ला नाइट कॅपिटल या अमेरिकी कंपनीने नवीन कोड आपल्या आठ सर्व्हरवर चढवलं, त्यातला एक राहिला. त्या एकावर वर्षानुवर्षं न वापरलेलं जुनं कोड जागं झालं. २१२ छोट्या ऑर्डर हाताळताना त्याने ४५ मिनिटांत ४० लाखांहून जास्त सौदे केले. तोटा ४४ कोटी डॉलरच्या वर गेला. यासाठी लागतात त्या वेगळ्या तालमी: अर्धवट भरलेली ऑर्डर, तुटलेलं कनेक्शन, दोनदा आलेला तोच संदेश, चुकीचा भाव. आणि सगळं एका झटक्यात बंद करणारं बटण, जे खरंच दाबून बघितलेलं असतं.

मी स्वतः सिस्टिम चालू करण्याआधी तिला मुद्दाम त्रास देतो. खर्च दुप्पट धरतो. प्रत्येक सौदा एक कॅन्डल उशिरा करतो. संदिग्ध कॅन्डलमध्ये स्टॉपलॉस आधी लागला असं मानतो. २० दिवसांची सरासरी वापरली असेल तर १८ आणि २२ वर काय होतं ते बघतो. २० वर डोंगर आणि शेजारी दरी असेल तर ती सिस्टिम टाकून देतो. एवढ्यातून जी वाचते, ती कमीत कमी संख्येने खऱ्या बाजारात उतरवतो आणि एक वही ठेवतो. वहीत प्रत्येक सौद्यासमोर दोन भाव असतात: सिम्युलेशनने दाखवलेला आणि प्रत्यक्षात मिळालेला. तिसऱ्या रकान्यात त्यांचा फरक, आणि ज्या ऑर्डर सिम्युलेशनने भरल्या पण बाजारात भरल्याच नाहीत त्या लाल शाईत. शंभरेक सौदे झाले की तिसऱ्या रकान्याची सरासरी काढतो, ती सिम्युलेशनच्या खर्चात घालतो आणि पूर्ण बॅकटेस्ट पुन्हा चालवतो.